गच्चीवरची विलायत

पलक विलायतेला निघाली तेव्हा जाफराबादच्या चौकात तिचा फ्लेक्स लागला होता. मधोमध ती, तिच्या मागे लंडनचा घड्याळाचा मनोरा आणि खाली अभिनंदन करणाऱ्यांचे बारके बारके फोटो. तिच्या वडिलांचं, गोपीकिशन यांचं, चौकालगतच कापडाचं दुकान. गावातल्या निम्म्या लग्नांचे बस्ते त्यांच्याकडे बांधले जायचे, त्यामुळे माणसं मोप जोडलेली. समाजाच्या भवनात सत्कार झाला, शाल-नारळ झालं. पलकच्या भुवाजी, म्हणजे गोपीकिशन यांच्या थोरल्या बहीण, जालन्याहून खास आल्या आणि जो भेटेल त्याला "आमच्या खानदानातली पहिली" असं सांगत फिरल्या.

ती काय शिकायला चालली आहे, हे मात्र कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

"इंग्रजी," गोपीकिशन गिऱ्हाइकाला सांगायचे.

"पण पोरीला इंग्रजी येती की!"

"ही जुनी इंग्रजी. हजार वर्षांखालची. हातानं लिहिलेल्या पोथ्या वाचायच्या असत्यात."

"जुनी कशाला शेटजी? नवी भेटत न्हाई का तिथं?"

गिऱ्हाईक हसायचं, गोपीकिशनही हसायचे आणि गजाने कापड मोजायला लागायचे. जुनं काय अन् नवं काय, पोरगी विलायतेला चालली होती, तेवढं त्यांना पुरे होतं.

व्हिसा तेवढा हातात आला नव्हता. "आल्यातच जमा धरा," असं एजंट म्हणाला होता. पुण्याहून पासपोर्ट उचलायचा आणि तसंच पुढे मुंबईला विमान गाठायचं, असा बेत. सगळ्या गल्लीने ओवाळून तिला गाडीत बसवलं. गोपीकिशन यांना कधी कुणी रडताना पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी चारचौघांत डोळे पुसले.

पुण्यात, त्या कचेरीबाहेर, गाडीच्या बॉनेटवर ठेवून पाकीट फोडलं. पासपोर्ट कोरा होता. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की जोडलेल्या कागदपत्रांतला एक कागद नियमात बसत नाही, सबब अर्ज नाकारला आहे. हवं तर पुन्हा अर्ज करावा. पलकने ते मराठीत वाचून दाखवलं. तिचा धाकटा भाऊ अर्पित गाडी चालवत आला होता. तो एजंटला फोन लावत राहिला आणि एजंट उचलेना.

गोपीकिशन फुटपाथवर रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "गावात कुणाला बोलायचं न्हाई."

"बाबूजी, कळेलच की."

"कसं कळंल? महिन्या-दोन महिन्यांचा सवाल हाये. परत भरू, येईल. मंग गुपचूप जाशील. तोवर तू गेली ती गेली."

पलकने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पुढे तिने स्वतःला हे कितीदा बजावलं. पण बाकड्यावर बसलेल्या वडिलांचे खांदे तिने पाहिले आणि ती गाडीत जाऊन बसली. आणि खरं सांगायचं तर, आपल्याच फ्लेक्सखालून चालत घरी जाणं तिलाही झेपणार नव्हतं.

दिवेलागणीला गाडी मागच्या बोळात आली. लाइट गेली होती, तेवढं नशीब. आई राजकुमारीची शाल डोक्यावरून ओढून पलक तिच्याच घरात चोरासारखी शिरली.

*

खाली दुकान, वर राहतं घर, त्याच्यावर गच्ची, आणि गच्चीवर एक खोली. हंगाम सरल्यावर उरलेला माल तिथे पडलेला असायचा. कोपऱ्यात न्हाणीघर होतं. गठ्ठे एका भिंतीला सरकवून पलकची गादी, टेबल आणि लॅपटॉप मांडला, आणि त्या खोलीची विलायत झाली.

हळूहळू नियम ठरत गेले. रस्त्याकडची खिडकी उघडायची नाही. दुकान उघडं असेस्तोवर पायात चप्पल नको. भांडी घासायला चतुराबाई आली की नळ सोडायचा नाही. खोकल्याची उबळ आली तर तोंड उशीत खुपसायचं. राजकुमारी दोन वेळा पदराखाली ताट झाकून आणायची आणि ते ताट स्वतः घासायची.

सगळ्यांत वाईट असायचे ते फोन. भुवाजींना व्हिडिओ कॉलशिवाय चैन पडायचं नाही. त्यांचा फोन आला की पलक पांढऱ्या भिंतीपुढे बसायची, अंगात जाड स्वेटर चढवायची, केस सारखे करायची. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रटरटत असायचं, वर स्लॅब तापलेला, आवाज नको म्हणून पंखा बंद. पाठीवरून घामाची धार चाललेली आणि तोंडाने म्हणायचं, "हो भुवाजी, लई थंडी."

"स्वेटर बराबर घाल बाई. तुझं नाक बघ कसं लाल झालंय."

नाक रडून लाल झालेलं असायचं.

एक गोष्ट मात्र खोटी नव्हती. ती खरोखर शिकत होती. तिच्या होणाऱ्या प्रोफेसर हेलन यांना तिने पहिल्याच आठवड्यात सगळं लिहून कळवलं होतं. त्यांनी तिची जागा पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवली आणि आठवड्याच्या वाचनवर्गात लॅपटॉपवरून बसायची परवानगी दिली. पडद्यावर सात-आठ चेहरे यायचे, कुणाच्या मागे खरंच पाऊस दिसायचा. मोठी गंमतच म्हणायची: इंग्लंडमधल्या माणसांना ठाऊक होतं की ही जाफराबादेत आहे, आणि जाफराबादला वाटत होतं की ही इंग्लंडमध्ये आहे. त्या वर्गात ती स्वेटर घालायची नाही.

या भाषेचं वेड तिला एम.ए.ला लागलं होतं, संभाजीनगरला. राजानंद सरांनी एकदा तास संपता संपता फळ्यावर एक चमत्कारिक अक्षर काढलं. इंग्रजी पी, पण वरून शेंडी फुटलेला. "ह्याचा उच्चार थ," सर म्हणाले. "इंग्रजांनी हे अक्षर पुढे टाकून दिलं. परीक्षेला नाही, लिहून घेऊ नका." मग त्याच अक्षराने एक शब्द लिहिला, थू. "म्हणजे तू," सर म्हणाले. आणि नाम म्हणजे काय, तर नामा. वर्ग डबे उघडायला उठला, पलक बसून राहिली. मारवाडी बोलणाऱ्या घरात, मराठी गावात, उर्दू शेजारात वाढलेली पोर ती; शब्द या घरातून त्या घरात कसे जातात ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं. पण हे घर फारच लांबचं होतं, आणि तरी आतून ओळखीचा आवाज येत होता. त्या दिवसापासून ती सरांच्या मागे लागली. सरांकडे होतं नव्हतं ते एकुलतं व्याकरण त्यांनी तिला देऊन टाकलं.

आता वर्गात एका लहानशा प्रार्थनापोथीची पानं चालली होती. पानांचे फोटो मोठे करून पाहता यायचे, इतके मोठे की कातड्यावरची केसांची छिद्रं दिसावीत. मूळ मजकूर लॅटिनमध्ये, टपोऱ्या अक्षरांत. आणि ओळींच्या मधल्या जागेत, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर, मुंगीएवढ्या अक्षरांत कुणीतरी जुन्या इंग्रजीत अर्थ लिहून ठेवला होता.

"कागदावर लिहायचे का हे लोक?" एकदा ताट ठेवता ठेवता राजकुमारीने पडद्याकडे बघत विचारलं.

"कागद नव्हता तेव्हा. कातड्यावर."

"अय्या! कशाच्या?"

वासराच्या, हे पलकच्या ओठांवर आलं होतं. आईच्या हातात तुळशीचं पान घातलेला नैवेद्याचा शिरा होता. "बकरीच्या," पलक म्हणाली. खोटं बोलायची आता सवयच झाली होती. आणखी एकाने काय होणार?

*

दिवाळी आली आणि गेली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, तो कालवा फरशीतून वर यायचा. पलकने खिडकीच्या फटीतून समोरच्या गच्चीवरचे आकाशकंदील पाहिले. दुसऱ्या अर्जाचं उत्तर दिवाळीनंतर आलं, आणि तेही नाहीच होतं. या वेळचा एजंट नवा, चूकही नवी.

"अजून एकदा," गोपीकिशन म्हणाले. पोरीच्या डोळ्यांत न बघता म्हणाले.

त्यांचंही काही खरं नव्हतं. खाली दुकानात माणसं विचारायची आणि त्यांना काहीतरी सांगावं लागायचं. आधी ते नुसतं "चांगलं चाललंय" म्हणायचे. मग थोडं थोडं वाढत गेलं. पलकला वर बसून ऐकू यायचं. "तिथं आता बर्फ पडून राह्यलाय." "तिच्या खोलीतून नदी दिसती." "तिच्या बाईंनी घरी जेवायला बोलावल्तं, तर हिनं त्यांना आपली दाल-बट्टी करून घातली!" गिऱ्हाईक "वा वा" करायचं. पलकला वाटायचं, खाली कुणी दुसरीच पलक आहे, बाबूजींची लाडकी, आणि ती हिच्यापेक्षा कितीतरी सुखात आहे.

पण त्याच दिवसांत तिच्या हाती एक गोष्ट लागली. पोथीत एका जागी लॅटिनमध्ये 'ओरा' असा शब्द होता. त्याचे अर्थ दोन: 'प्रार्थना कर', नाहीतर 'तोंडं'. अर्थ लिहिणाऱ्याने वर सरळ 'तोंडं' लिहून ठेवलं होतं, देवापुढे अगदी वेड्यासारखं. आणि त्याच्याच शेजारी, काळ्या शाईत, दुसऱ्या हाताने बरोबर अर्थ लिहिला होता. जाणकार म्हणत आले होते की शिकाऊ पोराची चूक गुरूने सुधारली. पलक ती दोन्ही अक्षरं मोठी करून बघत बसली. सकाळी बघितलं, जेवून बघितलं. शिकाऊच्या एका अक्षराच्या आडव्या रेघेला डावीकडे बारीकसा आकडा होता, माशाच्या गळासारखा. काळ्या शाईतल्या अक्षरालाही तोच. तिने सबंध पोथी चाळली. काळ्या शाईत जिथे जिथे ते अक्षर होतं, तिथे तिथे तो आकडा होता. हात पक्का झाला होता, अक्षर वळणदार झालं होतं, पण आकडा काही सुटला नव्हता.

"हा गुरू नाही," तिने वर्गात सांगितलं. "तोच मुलगा आहे. पुष्कळ वर्षांनी परत आलाय."

मग हेलन बाई हळूच म्हणाल्या, "सगळ्यांनी ते पान उघडा जरा." आणि एकेकाचं "ओह" ऐकू यायला लागलं. बाईंनी तिला यावर लेख लिहायला सांगितलं.

वर्ग संपला. पलक उठून उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटत होतं, जिना उतरून धावत जाऊन कुणालातरी हलवून सांगावंसं वाटत होतं. खाली बाबूजी म्हणत होते, "न्हाई न्हाई, परीक्षा न्हाई अजून. मजेत हाये." तिने दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरले आणि गठ्ठ्यांवर बसली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की आनंदही कोंडला की कुजतो.

जेवण घेऊन या वेळी गोपीकिशन स्वतः आले होते. ती म्हणाली, "बाबूजी, मी खाली येते. उद्याच येते. मला आता होत न्हाई."

गोपीकिशन दारातच थांबले. "अर्पितची सगाई ठरली," ते म्हणाले. "जालन्याची पोरगी. एकता नाव. खानदान चांगलं. पुढल्या महिन्यात इथंच, आपल्या घरी. तू विलायतेला हाये म्हणून त्यांनी..." ते अडखळले. "म्हणजे, त्याच्याचसाठी न्हाई. पण आता ऐन टायमाला खोटे पडलो तर पोराचं काय? सगाई होऊ दे. मंग तू म्हणशील तसं."

मग त्यांनी हात जोडले. पोरीपुढे बापाने. पलकने पटकन ते हात धरून खाली केले, आणि ती पुन्हा अडकली.

*

सगाईच्या दिवशी घर पाहुण्यांनी फुलून गेलं. पोरंटोरं गच्चीवर खेळायला येतील म्हणून अर्पितने सकाळीच खोलीला बाहेरून कुलूप घातलं. "संध्याकाळपर्यंतच, दीदी," तो म्हणाला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. पाण्याची बाटली, पुऱ्या आणि केळी ठेवून गेला. दाराबाहेर पोरं खरंच आली. कुणीतरी कुलूप हलवून बघितलं. पलक श्वास धरून गादीवर बसून राहिली.

बाहेर बँडवाले आले. भोकरदनकडची पार्टी होती, ट्रंपेटवाला नवशिका असावा. एका गाण्याच्या चढाला तो दर वेळी घसरायचा. खिडकीच्या फटीतून पलकला मांडवाचं कापड तेवढं दिसत होतं. तिच्या सख्ख्या भावाची सगाई आणि तिच्या वाट्याला मांडवाची पाठ.

तेवढ्यात फोन थरथरला. भुवाजींचा व्हिडिओ कॉल.

न उचलावा तर शंभर फोन येतील. तिने स्वेटर घातला, भिंतीपुढे बसली, उचलला. पडद्यावर भुवाजींची नथ, मागे दाटीवाटीने पाहुणे. "ही बघा आमची पलक! विलायतेहून! सगळ्यांना रामराम कर बाई!"

पलकने हात जोडले. फोन या हातातून त्या हातात फिरायला लागला. आणि नेमके तेव्हाच बँडवाले वाजवत वाजवत मागच्या बोळात वळले, थेट तिच्या मागच्या खिडकीखाली. खोली दणाणली.

"अगं," भुवाजींनी कपाळाला आठ्या घातल्या, "तुझ्याकडं कसला बँड वाजून राह्यला?"

आणि पलकचं तोंड आपोआप चालायला लागलं. "आपले लोक आहेत ना इथं, भुवाजी. शेजारी गुजराती लग्न हाये. तिकडून बँड आणलाय त्यांनी, विमानानं!"

"विमानानं बँड!" पाहुण्यांत हशा पिकला. "इंग्रज लोक काय म्हणत असतील?"

"नाचून राह्यले तेबी," पलक म्हणाली. आणखी हशा. तिने इंग्रज कसे नाचतात ते खांदे उडवून दाखवलं. बाबूजींची ती दुसरी पलक आता तिच्याच अंगात शिरली होती. पडद्याच्या कडेला गोपीकिशन दिसले. ते हसत नव्हते. मग कुणीतरी फोन नवरीच्या हातात दिला. गुलाबी ओढणीतली एकता तिच्याकडे बघत राहिली, हसली नाही की बोलली नाही. खाली ट्रंपेटवाला पुन्हा चढाला घसरला. एकताने डोळे बारीक केले आणि फोन भुवाजींना परत दिला.

कॉल संपला. पलकने स्वेटर ओरबाडून काढला. उठून दारापाशी गेली आणि धडका मारायला मूठ उगारली. एक धडक मारली असती तर जिन्यावरची पोरं धावत आली असती. मूठ वर होती आणि दार समोर होतं. तिने ती मूठ खाली घेतली. कुणी तिचा हात धरला नव्हता. तिनेच घेतली. हे कळल्यावर तिला जे वाटलं, ते त्या सबंध काळात कधी वाटलं नव्हतं. कुलूप आज बाहेरून होतं. पण इतके दिवस दाराला कुलूप कुठे होतं?

*

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. उन्हं वर आल्यावर अर्पित चहा घेऊन आला. पलकने अंघोळ केली होती, केस विंचरले होते, पायात चप्पल घातली होती.

"कुठं, दीदी?"

"खाली."

ती जिना उतरली. स्वयंपाकघरात भांडी घासत असलेल्या चतुराबाईने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भांडी घासायला लागली. राजकुमारीच्या हातातला झारा तसाच राहिला. पलक थांबली नाही. मधलं दार ढकलून ती दुकानात गेली.

दुकान भरलेलं होतं. गोपीकिशन गजाने लुगड्याचं कापड मोजत होते. त्यांनी पोरीला पाहिलं आणि हात गजावरच गोठला. पलक गादीच्या कडेला बसली. तिला वाटलं होतं, आता सगळं दुकान श्वास रोखून बघेल, कुणीतरी किंचाळेल, बाहेरची माणसं गोळा होतील. एक बाई म्हणाली, "जरा सरक ना बाई, मला तो निळा दिसू दे."

शेजारची नूरबी काउंटरला टेकून उभी होती. दुकानाच्या साड्यांना फॉल-पिको तीच करायची, तिच्या पत्र्याच्या घराला लागूनच गच्चीची मागची बाजू. तिने पलकला खालून वर पाहिलं. "उतरलीस का? चांगलं केलं, माय. किती वाळलीस."

"मी... कालच आले, मावशी."

"कुठून येणार? तू गेल्तीच कुठं?" नूरबी हळू आवाजातच म्हणाली, पण दुकानात आता दुसरा आवाज नव्हता. "तुझी कुर्ती तुझी अम्मी रोज आतल्या तारेवर वाळू घालून राह्यल्ती. तुझी मागची खिडकी माझ्या पत्र्यावर उजेड पाडायची. आणि ह्या चतुराबाईला काय रोज एक ताट आधीच घासलेलं दिसत न्हाई का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"गल्लीला माहीत होतं."

"मंग बोललं का न्हाई कुणी?"

नूरबीने गोपीकिशनकडे पाहिलं, मग नजर वळवली. "काय बोलायचं? तुझे बाबूजी रोज विलायतचं सांगायचे, आम्ही रोज ऐकायचो. भला माणूस. त्याला कुणी खोटं पाडायचं?"

कापड फाटल्याचा आवाज झाला. गोपीकिशन यांनी लुगडं फाडलं होतं, बरोबर मापावर, सरळ. घडी घालून गिऱ्हाइकापुढे सरकवलं आणि ते उठून आत गेले.

पलक तिथेच बसून राहिली. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो संताप. उन्हाने तापलेली ती खोली, उशीत दाबलेला खोकला, दिवाळी, भावाची सगाई. ती कुणापासून लपली होती? जे लपवलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि माणुसकी म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले होते. त्या माणुसकीनेच तिला कोंडून ठेवलं होतं. नूरबीवरही तिला राग आला, आणि राग यावा असं नूरबीने काही केलं नव्हतं.

गोपीकिशन बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. दुकानात बसायचे, पण विलायतेचा विषय कुणी काढला नाही आणि त्यांनीही नाही. एका सकाळी हिशेब थांबवून ते एवढंच म्हणाले, "काल त्या पाहुण्यांना तू जसं हसवलं न्हाई का, सगाईत... ते बघून मला लई भ्या वाटलं. वाटलं, हे मी शिकवलं हिला." पलकने "काल नाही बाबूजी, त्याला महिना झाला" असं म्हटलं नाही. ती त्यांच्या शेजारी बसली.

सगाई मोडली नाही. एकताच्या माहेरची माणसं चार दिवस कुरकुरली, भुवाजींनी तेवढा अबोला धरला, आणि लग्न ठरल्या तिथीला लागलं.

तिसरा अर्ज पलकने भरला नाही; पुन्हा त्या पाकिटाची वाट बघणं तिला नको झालं होतं. विद्यापीठाने राखून ठेवलेली जागा पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी गेली. हेलन बाईंना तसं लिहिताना तिचा दिवस गेला. ती संभाजीनगरला राजानंद सरांकडे पीएच.डी.ला बसली. हेलन बाई पडद्यावरून मदत करतात, तिचा लेख छापून आला आहे. भोकरदनमार्गे बस धरून ती जाते-येते. ग्रंथालयात तिला दारापाशीच बसावं लागतं, आतल्या टेबलावर तिचा जीव घुसमटतो. आणि ती पोथी तिने अजून हातात धरलेली नाही. हजार वर्षांच्या कातड्याला वास कसा येत असेल, हा प्रश्न ती कुणालाच विचारत नाही.

गच्चीवरची खोली रंग देऊन अर्पित-एकताला दिली. परवा दुपारी पलक काहीतरी घ्यायला वर गेली, तर एकता खिडकीत उभी राहून खालचा चौक बघत होती.

"दीदी, तुम्हाला एक सांगू? मला त्या दिवशीच कळल्तं. तो ट्रंपेटवाला तुमच्या फोनमंदी आणि आमच्या मांडवात एकाच टायमाला चुकला."

पलकला हसू आलं. खरंखुरं. "मग सांगितलं का नाहीस?"

"मी नवरी होते. मला कोण विचारून राह्यलं?" एकताने पलकच्या काखेतल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "दाखवा ना मला एखादा शब्द. त्या जुन्यातला."

पलकने थोडा विचार केला आणि त्या शेंडीवाल्या अक्षरांच्या लिपीत एक शब्द लिहिला. "स्नोरु. म्हणजे सून."

"म्हणजे मी!"

"तू. पण इंग्रजांकडे हा शब्द मेला. आता ते 'कायद्याने लेक' म्हणतात."

"कायद्याने?" एकताने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "दीदी, मी सासरेबुवांना विचारल्तं, दुकानात बसू का म्हणून. माहेरी मी आमच्या दुकानात बसायची. तर म्हणाले, सुनेनं खाली येणं बराबर दिसत न्हाई, लोक काय म्हणतील."

पलकने लॅपटॉप मिटला.

"चप्पल घाल," ती म्हणाली.